संधानकल्पनेचा पाठ : सूक्ष्मजीवशास्त्राच्या आधाराने

आसव व अरिष्ट या कल्पना वैद्याच्या नित्य व्यवहारातील आहेत. चिकित्सालयाच्या फडताळात त्यांच्या बाटल्या असतात, फार्मसीच्या उलाढालीत त्यांचा वाटा मोठा असतो, आणि द्वितीय व्यावसायिक वर्षाच्या विद्यार्थ्यास भैषज्यकल्पनेच्या परीक्षेत त्यांवर प्रश्न हमखास येतो. असे असूनही संधान म्हणजे पात्रात नेमके काय घडते, हे विचारले असता विद्यार्थी बहुधा द्रव्यांची यादी म्हणून दाखवतो व तेथेच थांबतो. हाच विद्यार्थी चार वर्षांनी एखाद्या फार्मसीत तांत्रिक अधिकारी म्हणून उभा राहतो. हजार लिटरचे पिंप आंबट झाले तर ते का झाले, हे त्यास सांगता येत नाही. मग धायटी बदलली जाते, गूळ बदलला जातो, मुहूर्तालाही दोष दिला जातो. कारण मात्र तसेच राहते.

ग्रंथांनी हा विषय ओझरता सांगितलेला नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात आसवांच्या नऊ योनी व चौऱ्यांशी आसवे गणली आहेत : धान्याची ६, फळांची २६, मुळांची ११, साराची २०, पुष्पांची १०, कांडाची ४, पत्रांची २, त्वचेची ४ आणि शर्करेचे १. शार्ङ्गधराने मध्यमखंडाच्या दहाव्या अध्यायात आसव-अरिष्टांचा भेद, अनुक्त मान आणि सुरेचे प्रसन्ना, कादंबरी, जगल, मेदक व किण्व असे थर सांगितले. यीस्टची पेशी त्यांना दिसत नव्हती, पण तिच्यासाठी जे जे करावयाचे ते त्यांनी क्रमाने करविले आहे. पाश्चरने १८५७ पासून संधान हे सजीवांचे कार्य असल्याचे मांडले आणि १८९७ साली बुखनरने पेशीविरहित रसानेही साखरेचे मद्य होते हे दाखवून त्यामागील विकरांचा मागोवा दिला. आपल्या विद्यार्थ्यास या दोन्ही बाजू एकाच पाठात दिल्या तर श्लोकातील प्रत्येक शब्दामागील कारण त्यास आपोआप उलगडते. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

शीत झाल्यावर का

अरिष्टात काढा गाळून थंड झाल्यावर गूळ, मध, धायटी व प्रक्षेपद्रव्ये घालावयाची असतात. विद्यार्थ्यास पहिला प्रश्न येथेच विचारावा : थंड होण्याची वाट का पाहावयाची? काढा उकळताना वनस्पतींवरील यीस्ट व बहुतेक जीवाणू नष्ट होतात. त्यानंतर त्या द्रवात साखर आहे, औषधांश आहे, पण संधान करणारा कोणी नाही. तो बाहेरून यावा लागतो. धायटीबरोबर, प्रक्षेपद्रव्यांबरोबर, मधाबरोबर आणि पूर्वी वापरलेल्या पात्राच्या भिंतीतून. साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या वर यीस्ट तग धरत नाही. कोमट म्हणून साठ अंशांच्या काढ्यात धायटी टाकणारा कामगार त्या पिंपाचे भवितव्य पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकतो. आसवात काढा नसतो, त्यामुळे द्रव्यांवरील सर्व सूक्ष्मजीव जिवंत असतात. उपयोगी तसे उपद्रवीही. म्हणून आसवात द्रव्यांची व जलाची शुद्धी अधिक कटाक्षाने पाहावी लागते.

धायटी, म्हणजे वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, सह्याद्रीत व विदर्भाच्या डोंगरांत हिवाळा सरता सरता फुलते. तिच्या नलिकाकृती लाल फुलांत मधुरस भरपूर असतो, त्यावर पक्षी व कीटक येतात, आणि त्या मधुरसात यीस्ट वाढते. वाळलेल्या फुलावरही हे यीस्ट सुप्तावस्थेत टिकून राहते. फुलातील कषायरस जीवाणूंना काहीसा आवर घालतो व द्रव निवळण्यास मदत करतो, हा दुसरा लाभ. परंतु दोन-तीन वर्षे गोदामात पडलेली, देठ-पाने मिसळलेली, बुरशीचा वास येणारी धायटी ही नावाचीच धायटी असते. काही फार्मसींत ती काढ्याबरोबरच उकळली जाते. तसे केल्यास कषायरस मिळतो, यीस्ट मिळत नाही. मग संधान सुरू झालेच तर ते पात्राच्या कृपेने होते.

द्राक्षारिष्टाच्या बाबतीत हाच विचार थोडा पुढे न्यावा. ताज्या द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असते, म्हणून मनुकांवरही असणारच, असे विद्यार्थी म्हणतो. पण मनुकांचा काढा झाला की ते संपते. शिवाय तासगाव-सांगलीकडील पिवळा बेदाणा रंग टिकावा म्हणून बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो. गुळाचा रंग उजळावा म्हणून हायड्रॉस पावडर वापरली जाते, तिच्यातूनही गंधकाचा अंश उरतो. हा अंश यीस्टला मारक आहे. उकळण्याने बेदाण्यातील गंधकाचा बराच भाग निघून जातो. काढा थंड झाल्यावर टाकलेल्या गुळातील मात्र तसाच राहतो. त्यामुळे काळपट, जुना, रसायनविरहित गूळ घ्यावा ही शास्त्राज्ञा आज अधिकच लागू पडते. पिवळाधमक गूळ पाहून खूश होणाऱ्या खरेदी विभागास हे समजावणे मात्र फार्मसीचालकांच्याच हाती आहे.

एक तुला, एक द्रोण : हिशेब करून पाहावा

मान सांगितलेले नसेल तेथे द्रव एक द्रोण, गूळ एक तुला, मध गुळाच्या निम्मा व प्रक्षेप गुळाच्या दशांश घ्यावा, हे शार्ङ्गधराचे सूत्र सर्वांस पाठ आहे. पल ४८ ग्रॅम धरल्यास तुला ४.८ किलो व द्रोण १२.२८८ लिटर होतो. द्रवद्वैगुण्य परिभाषा लावली तर द्रव २४.५७६ लिटर. तुला या मानास मात्र द्वैगुण्य नाही. येथे विद्यार्थ्यांकडून पुढील गणित फळ्यावर करवून घ्यावे.

गुळात साखरेचे प्रमाण स्थूलमानाने ८० ते ८५ टक्के, मधात ७५ ते ८०. म्हणजे ४.८ किलो गूळ व २.४ किलो मध यांतून साधारण ५.९ किलो साखर येते. गूळ-मध विरघळल्यावर द्रवाचे आकारमान सुमारे पावणेपाच लिटरने वाढते. द्वैगुण्य न करता एकूण १७ लिटर, करून २९ लिटरच्या आसपास. पहिल्या द्रवात साखर सुमारे ३५ टक्के, दुसऱ्यात सुमारे २०.

हा फरक केवळ आकड्याचा नाही. ३५ टक्के साखरेच्या द्रवात यीस्टच्या पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते, तिची वाढ खुंटते. लोणच्यातील मीठ व मुरंब्यातील पाक ज्या न्यायाने टिकवतात त्याच न्यायाने हा द्रव संधानाला अडवतो. असे पिंप महिनाभर गोड राहते, कधी वर बुरशी धरते, आणि फार्मसीत म्हटले जाते की संधान धरले नाही. २० टक्क्यांच्या द्रवात यीस्ट सुखाने वाढते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धान्ताने ९२ ग्रॅम मद्य व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे दर लिटरमागे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की अंदाजे एक टक्का मद्य वाढते. २० टक्क्यांतून सर्व साखर संपली तर मद्य १२ टक्क्यांच्या आसपास जाईल. १४ टक्के साखर संपली तर मद्य सुमारे आठ टक्के व उरलेली सहा टक्के साखर अरिष्टास त्याचे माधुर्य देईल. औषधकोशाने अनेक अरिष्टांस दिलेली पाच ते दहा टक्क्यांची मर्यादा या हिशेबात नेमकी बसते. द्वैगुण्याचा वाद वर्गात नेहमी व्याकरणाच्या अंगाने लढविला जातो. आमच्या मते संधानाच्या प्रकरणात तरी यीस्टची साक्ष द्वैगुण्याच्या बाजूने आहे.

ज्या योगांत ग्रंथाने स्पष्ट मान दिले आहे तेथे अर्थातच तेच पाळावयाचे. पण तेथेही साखरेचे शतमान आधी काढून ठेवावे. ते ३० च्या वर निघाले तर गुळाचा काही भाग प्रारंभी व उरलेला संधान जोमात आल्यावर टाकावा, असे काही अनुभवी वैद्य करतात व त्यात सूक्ष्मजीवशास्त्रदृष्ट्या सर्वथा तथ्य आहे. एकूण मान बदलत नाही, केवळ काल बदलतो.

किण्वाविषयीही येथेच सांगावे. बाजारातील बेकरीचे यीस्ट टाकावे काय, असा प्रश्न फार्मसीचालक विचारतात. जुन्या पात्रातील किण्व नव्या संधानास बीज म्हणून वापरणे शास्त्रास परके नाही. सुराबीज हा शब्दच त्याची ग्वाही देतो. पण बेकरीचे यीस्ट पीठ फुगविण्यासाठी निवडलेले असते. त्याने वायू झपाट्याने निघतो, संधान चार-सहा दिवसांत धावत सुटते व प्रक्षेपद्रव्ये मुरण्यास अवधी उरत नाही. मद्य हळूहळू वाढत जाते व वाढता वाढता द्रव्यांतील निरनिराळे अंश ओढून घेते, हे या कल्पनेचे मर्म आहे. याच कारणाने अखेरीस वरून स्पिरिट मिसळणे हा संधानाचा पर्याय ठरत नाही, ती सरळ भेसळ आहे. आम्ही सुचवू इच्छितो ते असे : एकूण द्रवाच्या तीन ते पाच टक्के इतका द्रव वेगळा घ्यावा, त्यात गूळ बेताचा ठेवावा, ताजी धायटी टाकून तीस अंशांच्या आसपास एक-दीड दिवस स्वच्छ फडक्याखाली ठेवावा, फेस धरला व सूक्ष्मदर्शकाखाली अंकुरणाऱ्या पेशी दिसल्या की मुख्य पिंपात मिसळावा. हे विरजण दर खेपेस नवे करावे. एकच विरजण वर्षभर फिरविल्यास त्यात आंबट करणारे जीवाणू घर करतात.

पात्रसंस्कारांविषयी थोडक्यात. मातीच्या पात्रास घृतलेपन केल्याने त्याची छिद्रे बुजतात व झिरपणे आणि हवेचा शिरकाव दोन्ही थांबतात. धूपनाने आतील पृष्ठभागावरील जीवाणू-बुरशी कमी होते. धान्यराशीत किंवा जमिनीत पुरल्याने तापमान स्थिर राहते. पात्राचा चतुर्थांश भाग रिकामा ठेवणे फेसासाठी. आज सागवानी पिंपे किंवा स्टेनलेस स्टीलच्या टाक्या वापरल्या जातात; त्यांस घृतलेपनाची गरज नाही, पण तापमानाची गरज सुटलेली नाही. यीस्टला २५ ते ३२ अंश मानवतात. संधानातून उष्णता निघते, त्यामुळे मोठ्या पिंपाचा मध्यभाग खोलीपेक्षा गरम असतो. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली भरलेले पिंप चाळिशी सहज गाठते. तेथे यीस्ट मंदावते आणि उष्णता सोसणारे आम्लकर जीवाणू पुढे सरसावतात. शक्य तेथे या दोन महिन्यांत नवे संधान लावूच नये.

दूरस्थ विद्यार्थ्यास हे कसे दाखवावे

२०२० साली टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली व भैषज्यकल्पनेसारखा हाताने शिकावयाचा विषय पडद्यावरून शिकविण्याची वेळ आली. ती वेळ गेली, तरी त्यातून एक सोय उरली आहे. बहुसंख्य विद्यार्थ्यांस महिनाभर चालणारे संधान रोज पाहता येत नाही. महाविद्यालयाच्या रसशाळेत एक दिवस भरणे व एक दिवस गाळणे इतकेच ते पाहतात. मधले तीस दिवस त्यांच्या दृष्टीने अंधारात असतात. फार्मसीने एका पिंपाची रोजची नोंद विद्यार्थ्यांस इंटरनेटवरून पाठवली तर हा अंधार दूर होतो. नोंदीस खर्च काहीच नाही : तापमान, पीएच, विशिष्ट गुरुत्व, बुडबुड्यांचा आवाज, गंध, आणि एक-दोन दिवसांआड सूक्ष्मदर्शकातून टिपलेले एक छायाचित्र. फोनचा कॅमेरा नेत्रभिंगास लावूनही ते पुरेसे स्पष्ट येते.

चारशेपट वर्धनाखाली यीस्टच्या अंडाकृती, पाच ते दहा मायक्रॉनच्या पेशी व त्यांस फुटलेले अंकुर विद्यार्थ्यास ओळखता येतात. मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकल्यास मृत पेशी निळ्या राहतात, जिवंत पेशी रंग घालवितात. तिसऱ्या दिवशीचे, दहाव्या दिवशीचे व पंचविसाव्या दिवशीचे चित्र शेजारी-शेजारी ठेवावे. पहिल्यात पेशी विरळ, दुसऱ्यात गर्दी व अंकुर, तिसऱ्यात निळ्या पेशी बहुसंख्य. त्यांच्या मधून बारीक काड्यांसारखे जीवाणू दिसू लागले तर ती धोक्याची खूण. जातलक्षणे याहून सोप्या रीतीने समजाविता येणार नाहीत.

विशिष्ट गुरुत्वाचा आलेख विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा. प्रारंभी १.०८५ असलेले गुरुत्व १.०२५ वर स्थिरावले तर त्या दोहोंतील अंतरास १३१ ने गुणून मद्याचा अंदाज येतो, येथे सुमारे ७.९ टक्के. हा अंदाज आहे हे बजावून सांगावे. प्रमाणपत्रासाठी ऊर्ध्वपातन करून काढलेला आकडाच ग्राह्य. ब्रिक्समापकाचा मोह टाळावा. संधान सुरू झाल्यावर मद्यामुळे प्रकाशाचे वक्रीभवन बदलते आणि काढ्यातील अन्य घनांशही साखर म्हणून मोजले जातात, त्यामुळे त्यात दिसणारी साखर खऱ्यापेक्षा जास्त असते. पारंपरिक परीक्षाही याच आलेखावर बसवाव्यात : चुन्याची निवळी दुधाळ होणे म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघत आहे, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसणे म्हणजे वायूचा आधार संपला, आवाज बंद होणे म्हणजे संधान थांबले. ते साखर संपल्याने थांबले की यीस्ट मेल्याने, हे मात्र केवळ आवाज सांगत नाही, गुरुत्व सांगते. १.०६० वर शांत झालेले पिंप हे जातरस नव्हे.

सैद्धान्तिक भागासाठी २००३ पासून चालू असलेल्या एनपीटीईएलवर व २०१७ पासूनच्या स्वयम् या शासकीय मंचावर जैवप्रक्रिया अभियांत्रिकीचे पाठ विनामूल्य आहेत. भाषा इंग्रजी व गणित थोडे जड असले तरी यीस्टच्या वाढीचा वक्र व बीजारोपण हे भाग आपल्या विद्यार्थ्यास झेपण्यासारखे आहेत. एक सूचना : उत्साहाच्या भरात विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत गूळ-धायटीच्या बाटल्या लावतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि घट्ट झाकलेली बाटली फुटून डोळ्यास इजा होऊ शकते. प्रयोग रसशाळेत व शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा. गंध मात्र पडद्यावरून जात नाही. ज्याने उत्तम द्राक्षासवाचा व शुक्ताचा गंध प्रत्यक्ष घेतला नाही त्यास या विषयात उत्तीर्ण करू नये, असे आमचे मत आहे.

शुक्त

संधान पूर्ण झालेल्या द्रवास हवा लागली की ॲसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू मद्याचे शिरक्यात रूपांतर करतात. ४६ ग्रॅम मद्यापासून ६० ग्रॅम ॲसिटिक आम्ल होते. म्हणजे मद्य उतरते व अम्लता त्याहून अधिक वेगाने चढते. ही क्रिया प्राणवायूवाचून होत नाही. म्हणून संधान थांबताच विलंब न लावता गाळावे व भांडे काठोकाठ भरून बंद करावे. अर्धवट भरलेल्या पिंपातून महिनाभर थोडे थोडे काढून विकणे ही शुक्त करण्याची हमखास रीत आहे. आंबट झालेल्या अरिष्टात सोडा टाकून आम्ल मारणे किंवा साखर वाढवून चव झाकणे असे प्रकार कानावर येतात. त्याने क्षार वाढतो, मद्य परत येत नाही, आणि सूतिकेस दशमूलारिष्ट म्हणून जे दिले जाते ते दशमूलारिष्ट नसते. असे पिंप टाकून द्यावे. नुकसान कडू आहे, पण ते फार्मसीच्या वहीतच राहावे. रुग्णाच्या कोठ्यात जाऊ नये.

चिकित्सकांनी मद्याचा हिशेबही ध्यानात ठेवावा. आठ टक्के मद्य असलेल्या अरिष्टाच्या २४ मिलि मात्रेत मद्य सुमारे दीड ग्रॅम असते. समभाग जलासह प्रौढास ते अल्प आहे. यकृत्‌विकारी, मद्यमुक्तीच्या उपचारांतील व मेट्रोनिडॅझोल घेत असलेल्या रुग्णास मात्र पर्यायी कल्पना, काढा वा चूर्ण, देणे श्रेयस्कर. बालकांसाठी अरविंदासव देताना मात्रा वयानुसार थेंबांत किंवा चमच्याच्या अंशांत लिहून द्यावी. “थोडे द्या” असे तोंडी सांगू नये.

पिंपात उतरण्यापूर्वी

हा भाग पाठ्यपुस्तकांत आढळत नाही, म्हणून विस्ताराने लिहितो. एक किलो साखरेच्या संधानातून सुमारे २७० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. हजार लिटरच्या पिंपात १३० किलो साखर खर्ची पडली तर वायू ३५,००० लिटर, म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद व बारा फूट उंच खोली पूर्ण भरेल इतका. तो हवेच्या दीडपट जड असतो, त्यामुळे तो पिंपाच्या तळाशी, तळघरात, खड्ड्यात साचून राहतो. त्यास रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊ शकतो, आणि त्यास काढण्यास उतरणारा दुसराही तसाच कोसळतो.

दीपपरीक्षा संधानाच्या परीक्षेसाठी आहे, जीवरक्षणासाठी नाही. दिवा विझला तर उतरू नये हे खरे. पण दिवा जळतो म्हणून उतरावे हे खरे नाही, कारण ज्या प्रमाणात मनुष्य मूर्च्छित होऊ लागतो त्या प्रमाणातही ज्योत काही काळ तग धरते. संधानागारास जमिनीलगत झरोके ठेवावेत, छताजवळचे पुरत नाहीत. पिंप रिकामे केल्यावर पाण्याने काठोकाठ भरून ओतून द्यावे, म्हणजे तळाचा वायू बाहेर पडतो. नंतर पंख्याने हवा खेळवावी व प्राणवायूमापकाने तपासावे. गाळ शक्यतो लांब दांड्याच्या फावड्याने बाहेरूनच काढावा. उतरणे अटळच असेल तर कमरेस दोर बांधलेला असावा व तो दोर धरून दुसरा माणूस वर उभा असावा. त्या दुसऱ्या माणसाने कोणत्याही परिस्थितीत आत उडी घ्यावयाची नाही, दोर ओढावयाचा आहे, हे कामगारांस मराठीत, मोठ्या अक्षरांत, पिंपाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवावे.